ड्रॅगनचा फुत्कार आणि नागाचा डूख

दिवाळीच्या सुटीत सोलापूरला बहिणीकडे जाणे झाले. सातवीत शिकणारा भाचा संगणकासमोर बसून कुठल्याशा काल्पनिक जगात लढाई करीत होता. पडद्यावर डोंगराएवढा, पंखधारी प्राणी आकाशातून झेपावत होता आणि आगीचे लोळ सोडत होता. त्याला कसे हरवायचे, तो किती वेळाने पुन्हा आग ओकतो, त्याच्या खवल्यांत कोठे फट असते, हे सारे भाच्याला तोंडपाठ होते. खेळ थांबल्यावर त्याने मला सहज विचारले, ''मामा, आपल्याकडे ड्रॅगन का नाहीत?''

प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. चीनपासून इंग्लंडपर्यंत जवळजवळ प्रत्येक संस्कृतीने एका अवाढव्य सर्पाची कल्पना केली आहे. मग आपण त्यातून सुटलो कसे? थोडा विचार केल्यावर लक्षात येते, की आपण सुटलेलो नाही. आपला ड्रॅगन आपल्या इतका जवळ आहे, की तो काल्पनिक आहे याचाच आपल्याला विसर पडला आहे. हे समजून घ्यायचे, तर आधी खेळातल्या ड्रॅगनची नीट ओळख करून घ्यावी लागेल.

नियमांनी बांधलेला प्राणी

आज मुले संगणकावर वा भ्रमणध्वनीवर जे ड्रॅगन पाहतात, त्यांतील बहुतेकांचे कूळ एका कागदी खेळापर्यंत जाऊन पोहोचते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, त्यांतील एक जण सूत्रधार होतो, बाकीचे योद्धे, मांत्रिक किंवा चोर यांची सोंगे घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करणार ते सांगतात आणि निकाल अनेक बाजूंच्या फाशांवर लागतो. त्यात संगणक नसतो. सारा कारभार कल्पनेचा आणि नियमांच्या पुस्तकांचा.

पुराणातला राक्षस किती बलवान, हे सांगताना कथाकाराला आकडा द्यावा लागत नाही. खेळात मात्र तो द्यावाच लागतो. नाहीतर खेळच चालणार नाही. त्यामुळे ड्रॅगनच्या इतिहासात एक मोठा बदल घडला. त्याचा स्वभाव, वय, निवासस्थान, शक्ती आणि त्या शक्तीची मर्यादा हे सारे कागदावर उतरले. १९७७ मध्ये निघालेल्या या खेळाच्या प्राणिकोशात तर ड्रॅगनांची जातवार वर्गवारीच आली.

या वर्गवारीत रंगाला महत्त्व आहे. लाल ड्रॅगन डोंगरात राहतो आणि आग ओकतो. पांढरा बर्फाळ प्रदेशातला. त्याच्या श्वासातून गोठवणारी थंडी बाहेर पडते. निळा वाळवंटात राहतो आणि विजेचा लोळ सोडतो. हिरवा अरण्यात राहून विषारी वायू सोडतो, तर दलदलीतला काळा आम्लाची चिळकांडी उडवतो. हे पाचही रंग दुष्ट मानले आहेत. त्यांच्या समोर सोने, रुपे, तांबे, कांसे आणि पितळ या धातूंचे पाच ड्रॅगन उभे केले आहेत आणि ते सामान्यतः सज्जन असतात. त्यांतील सोनेरी व रुपेरी ड्रॅगनांना माणसाचे रूप घेऊन समाजात वावरता येते. पडद्यावरच्या इच्छाधारी नागाशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांना यात फारसे नवल वाटू नये.

ड्रॅगन जितका म्हातारा, तितका शक्तिमान, हा दुसरा नियम. इतर प्राणी वयाबरोबर थकतात. हा वाढतच जातो. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच्या आयुष्याच्या बारा पायऱ्या केल्या होत्या आणि शेवटची पायरी बाराशे वर्षांनंतर सुरू होत असे. वयाबरोबर त्याची बुद्धी वाढते, त्याला मंत्रविद्या येते आणि त्याच्या नुसत्या दर्शनाने शत्रूची गाळण उडते. तिसरा नियम संपत्तीचा. प्रत्येक ड्रॅगनला धनाचा साठा हवाच असतो. तो त्या धनाचे काही करीत नाही. नुसता त्यावर पडून राहतो.

परंतु या साऱ्या शक्तींना मर्यादा आहेत. सुरुवातीच्या नियमांत ड्रॅगनला दिवसातून तीनदाच श्वासाचे अस्त्र वापरता येत असे. ते चुकविण्याची संधी खेळाडूला फाशाच्या रूपाने मिळे. पुढे लाल ड्रॅगनला थंडी बाधते, असा नियम आला. म्हणजे प्रत्येक शक्तीला उतारा आहे आणि तो शोधून काढणे हाच खेळ आहे. माझा भाचा ज्याला 'ट्रिक' म्हणतो, ती हीच.

पडद्यावरची पुढची पिढी

संगणकीय खेळांनी हा वारसा पुढे नेला आणि त्यात आपली भर घातली. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात पाच महाड्रॅगन सृष्टीचे रक्षक म्हणून नेमलेले आहेत. लाल जीवनाचा, कांस्यवर्णी काळाचा, हिरवा स्वप्नाचा, निळा जादूचा आणि काळा भूमीचा अधिपती. आपल्याकडील दिक्पालांची आठवण व्हावी, अशी ही रचना आहे. यांतील भूमीचा रक्षक बुद्धिभ्रष्ट होतो आणि ज्या जगाचे रक्षण करायचे तेच उद्ध्वस्त करू पाहतो.

२०११ साली आलेल्या 'स्कायरिम' या खेळात त्याहून वेगळी कल्पना आहे. तेथील ड्रॅगनांना स्वतःची भाषा आहे आणि त्यांचा आगीचा लोळ हा त्या भाषेतील तीन शब्दांचा उच्चार आहे. दोन ड्रॅगन एकमेकांवर आग ओकतात, तेव्हा ते एका अर्थाने वाद घालत असतात. शब्द नीट उच्चारला की त्याचे अस्त्र होते, ही कल्पना पाश्चात्त्य मुलाला नवी वाटेल. मंत्र म्हणून बाण सोडणाऱ्या अर्जुनाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना ती घरची वाटायला हवी.

शक्ती येतात कोठून?

खेळ रचणाऱ्यांनी हे सारे शून्यातून निर्माण केले नाही. धनावर बसलेला ड्रॅगन 'बेवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्यात आहे. त्याच्या साठ्यातील एक पेला चोरीस जातो आणि तो खवळून गावे जाळतो. त्या काव्याचे थोर अभ्यासक असलेल्या प्राध्यापक टॉल्किन यांनी १९३७ मध्ये 'द हॉबिट' ही कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातील स्मॉग नावाचा ड्रॅगनही पेल्याच्या चोरीनेच जागा झाला. खेळातील पाच तोंडांच्या दुष्ट राणीचे 'तियामत' हे नाव बाबिलोनच्या सृष्टिकथेतून उचलले आहे. तेथे तियामत ही खाऱ्या समुद्राची आदिदेवता असून मर्दुक हा देव तिला चिरून तिच्या देहातून आकाश व पृथ्वी घडवितो. सज्जन ड्रॅगनांच्या राजाला दिलेले 'बहामुत' हे नाव अरबी परंपरेतील, पृथ्वीचा भार ज्यावर अखेर टेकतो त्या महामत्स्याचे. शेषाची आठवण येथे अपरिहार्य आहे.

प्रत्येक समाजाने आपल्या ड्रॅगनला आपल्याच गरजेची वा भयाची शक्ती दिली, असे दिसते. युरोपातील ड्रॅगन लुटारू आहे. गाव जाळतो आणि सोने दडवतो. चीनमधील ड्रॅगन पाऊस पाडतो. शेतकऱ्यांच्या त्या देशात तो नद्या-समुद्रांचा राजा आणि सम्राटांचे चिन्ह झाला. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषेत भाषांतरे होताना 'नाग' या शब्दासाठी ड्रॅगनचाच चिनी शब्द योजला गेला. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर चिनी भाषांतरकारांनी शेकडो वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते. आपल्याकडे ड्रॅगन आहेत; आपण त्यांना नाग म्हणतो.

शब्दाचा इतिहासही गमतीचा आहे. 'ड्रॅगन' हा शब्द ग्रीक 'द्राकोन'वरून आला आणि त्याचे मूळ 'पाहणे' या अर्थाच्या धातूत आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. आपल्या 'दृश्' धातूचे तेच कूळ. म्हणजे ड्रॅगन म्हणजे रोखून पाहणारा. जैन परंपरेत भगवान महावीरांनी शांत केलेला चंडकौशिक हा सर्प 'दृष्टिविष' होता. त्याने पाहिले की समोरचा भस्म होई. या कल्पनेमागे निरीक्षण आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असल्याने तो कधी पापणी लववीत नाही. ती स्थिर नजर माणसाला भयप्रद वाटली, यात आश्चर्य नाही.

आपल्या घरचे ड्रॅगन

ऋग्वेदातील वृत्र हा आपला सर्वांत जुना ड्रॅगन. त्याला 'अहि', म्हणजे सर्प, म्हटले आहे. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. तो पर्वतावर पसरून पाणी अडवून बसला आहे. त्वष्ट्याने घडविलेल्या वज्राने इंद्र त्याला मारतो आणि कोंडलेले जल हंबरत धावणाऱ्या गाईंप्रमाणे समुद्राकडे वाहू लागते. युरोपचा ड्रॅगन सोन्यावर बसला, आपला पाण्यावर. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोलापूर जिल्ह्यात काढला, त्या पिढीला यातले कोणते धन मोठे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

खेळातील हिरव्या ड्रॅगनचा विषारी श्वास शोधायचा तर कालियाकडे जावे. त्याच्या विषाने यमुनेचा डोह उकळत असे आणि वरून उडणारे पक्षी मरून पडत, असे भागवतात वर्णन आहे. कोडी घालणारा, बोलका ड्रॅगन हवा असेल तर वनपर्वातील नहुष आहे. अगस्त्यांच्या शापाने अजगर झालेला हा राजा भीमाला विळखा घालतो आणि युधिष्ठिराने त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिल्यावरच भावाची सुटका होते. तक्षक अळीचे रूप घेऊन फळातून परीक्षिताच्या महालात शिरतो. वासुकी मंथनाची दोरी होतो. नागाची राजप्रतिष्ठा पाहायची असेल, तर अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर राणीसह बसलेला नागराज पाहावा. पाचव्या शतकातील त्या शिल्पात भयाचा लवलेश नाही. फण्यांचे छत्र धारण केलेला तो एक शांत राजा आहे.

आणि सोलापूरकरांना तर अजिंठ्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतील भक्त उंच नंदीध्वज पेलत मिरवणुकीने निघतात. होमविधीसाठी निघताना मानाच्या नंदीध्वजाला नागफणी बांधण्याची प्रथा आहे. रात्रीच्या रोषणाईत डोलणारी ती फणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना चिनी नववर्षाच्या मिरवणुकीतील ड्रॅगनचे अप्रूप वाटू नये. श्रावणातील नागपंचमीला घरोघर भिंतीवर वा पाटावर नाग काढले जातात. त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, जमीन खणायची नाही. म्हणून उकडलेल्या दिंडांचा नैवेद्य. नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मेली, तिने सूड म्हणून शेतकऱ्याचे कुटुंब संपविले आणि अखेर त्याच्या लेकीच्या भक्तीने ती प्रसन्न झाली, ही कहाणी आपल्या आजीने सांगितलेली असते. ती सुंदर आहे. मुक्या जिवाची हत्या नकळत झाली तरी तिची जबाबदारी घ्यावी, असा तिचा आशय आहे.

विज्ञानाच्या तराजूत

कल्पनेतील या प्राण्याला वास्तवात कितपत स्थान आहे? उड्डाणापासूनच अडचण सुरू होते. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट वाढते. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे पंख देहाला पेलू शकत नाहीत. आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या उडत्या प्राण्यांत क्वेत्झालकोआट्लस या प्राचीन सरीसृपाची गणना होते. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे दहा मीटर होता, पण हाडे पोकळ आणि शरीर सडपातळ होते. किल्ल्याएवढा, चिलखती ड्रॅगन जमिनीवरून उठूच शकला नसता.

आग ओकणारा एकही प्राणी आढळलेला नाही. तथापि त्या दिशेने निसर्गाने काही प्रयोग केले आहेत. बॉम्बार्डियर नावाचा भुंगा पोटातील दोन रसायने ऐनवेळी एकत्र आणून जवळजवळ उकळत्या तापमानाचा फवारा शत्रूवर मारतो. आफ्रिकेतील व आग्नेय आशियातील काही नाग शत्रूच्या डोळ्यांचा वेध घेऊन विषाची पिचकारी उडवतात. सोलापूर परिसरात आढळणारा आपला दहाच्या आकड्याचा नाग मात्र असे काही करीत नाही. तो फणा काढतो, फुत्कारतो आणि शक्यतो निघून जातो.

आकाराच्या बाबतीत मात्र निसर्ग पुराणकथेच्या बराच जवळ आला होता. गुजरातमधील कच्छच्या पानंध्रो येथील लिग्नाइट खाणीत सापडलेल्या मणक्यांच्या जीवाश्मांवरून रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२४ मध्ये एका नामशेष सापाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा असून त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी, असा त्यांचा अंदाज आहे. नाव ठेवले 'वासुकी इंडिकस'. अर्थात त्या काळी पृथ्वीवर माणूस नव्हता. त्यामुळे वासुकीची कथा त्या सापाला पाहून सुचली, असा अर्थ कोणी काढू नये.

न लिहिलेले नियम

आता मूळ मुद्द्याकडे वळू. खेळातल्या ड्रॅगनच्या शक्तींचे पत्रक असते. तसे पत्रक आपल्या मनातील नागाचेही तयार करता येईल. तो दूध पितो. त्याच्या मस्तकात मणी असतो. तो पुंगीच्या सुरावर डोलतो. जोडीदाराला मारणाऱ्याचे चित्र त्याच्या डोळ्यांत उमटते आणि तो डूख धरून बारा वर्षांनीही सूड घेतो. पडक्या वाड्यातील गुप्तधनावर तो पहारा देतो. त्याचे विष मंत्राने उतरते. रात्री त्याचे नाव घेऊ नये, 'लांबडे' किंवा 'जनावर' म्हणावे. तो चावला तरी 'पान लागले' म्हणावे. आस्तिकाचे नाव घेतले की तो फिरकत नाही.

एकेक शक्ती तपासून पाहू. साप मांसाहारी आहे. दूध हे त्याचे अन्न नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल तो द्रव तोंडी लावतो, एवढेच. त्याला बाहेरचे कान नाहीत. तो जमिनीची कंपने व काही खालच्या पट्टीचे ध्वनी टिपतो आणि गारुड्याच्या पुंगीची हालचाल पाहून तिच्या रोखाने फणा हलवतो. मणी कोणत्याही नागाच्या डोक्यात आढळलेला नाही. वर्षानुवर्षे वैर जपण्याइतकी त्याच्या मेंदूची झेपच नाही. पडक्या भिंतींत आणि जुन्या पेवांत तो राहतो, कारण तेथे उंदीर असतात.

यांतील काही समजुती निरुपद्रवी म्हणून सोडून देता येतील. सर्वच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

या मृत्यूंमागे विषाइतकाच वेळेचा अपव्यय असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांवर चालणारी प्रतिविष लस आपल्या देशात तयार होते व सरकारी रुग्णालयांतून दिली जाते. पण ती वेळेत टोचली गेली पाहिजे. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा झोपेत होतो आणि दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, तेव्हा कोणाला सापाची शंकाही येत नाही. अशा वेळी रुग्णाला देवळात नेऊन निवविण्यात किंवा मांत्रिकाकडे विष उतरविण्यात जे तास जातात, ते परत मिळत नाहीत.

मग मांत्रिकाकडे बरी झालेली माणसे खोटी का? खोटी नाहीत. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. कोरडा दंश ही वैद्यकाला परिचित असलेली गोष्ट आहे. अशा रुग्णाला काहीही केले नाही, तरी तो वाचतो आणि श्रेय मंत्राला मिळते. ज्याच्या शरीरात खरोखर विष गेलेले असते, तो वाचत नाही आणि दोष नशिबाला लागतो. खेळाच्या भाषेत सांगायचे, तर मांत्रिक जिंकलेले डाव तेवढे मोजतो.

महाराष्ट्राने या प्रश्नाची कायद्याने दखल घेतली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि अनेक वर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी अस्तित्वात आला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा ठरतो. गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष, अघोरी कृत्यांनाही त्याने प्रतिबंध केला आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. धनावर बसलेला सर्प ही कल्पना युरोपात काव्यात आणि खेळात विसावली. आपल्याकडे तिच्यासाठी अजून दंडविधान लागते, हा फरक विचार करायला लावणारा आहे.

दंश झाल्यावर काय करावे, हे पत्रकही छोटेच आहे. माणसाला धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढावे. दंश झालेला हात वा पाय हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, तोंडाने चोखू नये. साप मारण्यात वा पकडण्यात वेळ घालवू नये. विष कोणते, याचा निर्णय डॉक्टर लक्षणांवरून घेऊ शकतात. आणि सरळ रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात, उसाच्या फडात किंवा कडब्याच्या गंजीजवळ वावरताना पायांत बूट, हातात काठी व रात्री विजेरी असावी. जमिनीवर झोपणे टाळावे. ते शक्य नसेल, तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात.

धनाचा खरा राखणदार

याचा अर्थ नागपंचमी टाकून द्यावी किंवा नंदीध्वजाची नागफणी उतरवावी, असा मुळीच नाही. कथा ही कथा म्हणून मोठी असते. वृत्राची कथा वाचताना कोणी हवामान खात्याला वज्र मागत नाही. भिंतीवरच्या नागाला हळदकुंकू वाहणारा हात दंश झालेल्या माणसाला रुग्णालयात नेण्यासाठी रिक्षाही बोलावू शकतो. दोहोंत विरोध नाही. नागाला मारू नये, हा त्या सणाचा संस्कार तर आजच्या कायद्याशीही जुळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागाला संरक्षण दिले आहे.

आणि गंमत अशी, की पत्रकातील एक शक्ती अगदीच खोटी नाही. नाग धनाचे रक्षण करतो. ते धन म्हणजे सोन्याच्या मोहरा नव्हेत. ज्वारीच्या कोठारात, पेवाच्या तोंडाशी, उसाच्या बांधावर तो उंदीर खातो. कोरडवाहू मुलखात पोतेभर शाळू म्हणजे धनच असते. आपल्या पूर्वजांनी धान्याजवळ नाग पुन:पुन्हा पाहिला असेल आणि त्यातूनच राखणदाराची कल्पना निघाली असेल, असे मला वाटते.

निघताना भाच्याला हे सारे थोडक्यात सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि वहीच्या मागच्या पानावर नागाचे पत्रक तयार केले. शक्ती : विष. वापर : अडचणीत सापडल्यावरच. आवडते खाद्य : उंदीर. स्मरणशक्ती : सूड घेण्याइतकी नाही. उतारा या रकान्यापाशी तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, ''तिथे दवाखाना लिही.'' त्याने 'दवाखाना' लिहिले आणि त्यापुढे आपणहून 'लगेच' हा शब्द जोडला.